तुम्ही विचारलंत म्हणून : लेकरांना हातात घेऊ देईल अशी कोंबडी

‘ताई, अंडी किती देते ते नंतर सांगा, लेकरांना टोचणार नाही, उचलून घेऊ देईल, अशी कोंबडी कोणती?’ हा प्रश्न मला शिरपूर-चोपडा भागातील ओळखीच्या घरांतून सतत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये बहुधा एखाद्या गुबगुबीत, पायांवरही पिसे असलेल्या विदेशी कोंबडीचा फोटो असतो आणि ‘हीच मिळेल का?’ एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. कोंबडीचा स्वभाव मात्र फोटोत दिसत नाही. त्याचा थोडाफार अंदाज तिच्या वजनावरून बांधता येतो, म्हणून मी उत्तराची सुरुवात तिथून करते.

केवळ अंड्यांसाठी निवडत नेलेल्या हलक्या अंगाच्या जाती चपळ आणि बुजऱ्या असतात. अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाच्या जड जाती सावकाश चालतात, फारसे उडत नाहीत आणि माणसाच्या हाताला लवकर सरावतात. मूळची इटलीची पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, परंतु अंगणात बादली आपटली तरी ती कुंपणावर जाऊन बसते. आठवडे बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकायला आणलेली पिल्ले पुष्कळदा याच प्रकारच्या अंड्यांच्या कोंबड्यांचे नर असतात. अंड्यांच्या धंद्यात नराचा उपयोग नसल्याने ती मातीमोल भावात बाहेर पडतात, आणि लसीविना, उबेविना बरीचशी आठवडाभरात मरतात. मुलांना प्राण्यांची ओळख करून देण्याचा याहून वाईट मार्ग मला माहीत नाही.

आता त्या फोटोतील कोंबड्यांविषयी. कोचीन ही जात 1840 च्या दशकात चीनमधून इंग्लंडला गेली आणि तिथे तिने अक्षरशः वेड लावले. ऑरपिंग्टन ही 1886 साली इंग्लंडच्या केंट परगण्यात तयार झाली. दोन्ही जाती अतिशय शांत, मांडीवर बसून राहतील अशा आहेत, हे खरेच आहे. प्रश्न आपल्या हवामानाचा आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच 41 ते 42 अंशांच्या दरम्यान असते आणि तिला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे आणि तुरा व गलोल (चोचीखाली लोंबणारे मांसल पडदे) यांच्यातून उष्णता बाहेर टाकणे एवढेच उपाय तिच्यापाशी असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्या वेळी दाट पिसांची कोचीन सावलीतही तगेल याची खात्री मी देऊ शकत नाही. सिल्की ही जात अंगाने लहान, पाच बोटांची, रेशमासारख्या पिसांची आणि मुलांची सर्वांत लाडकी. तथापि तिची पिसे पाणी झटकत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात ती भिजून गारठते, आणि डोक्यावरच्या झुबक्यामुळे तिला नीट दिसत नसल्याने मांजर अगदी जवळ आले तरी तिच्या लक्षात येत नाही. ज्यांच्याकडे कोरडे, पक्के खुराडे आहे आणि दिवसभर घरी कोणीतरी असते, त्यांनीच तिच्या वाटेला जावे.

खानदेशातील अंगणासाठी मी पहिले नाव घेते ते ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पचे. ऑरपिंग्टनपासूनच ऑस्ट्रेलियात घडवलेली ही काळीभोर, हिरवट झाक मारणारी कोंबडी स्वभावाने आपल्या पूर्वजांवर गेली आहे, मात्र अंड्यांत त्यांच्या पुष्कळ पुढे आहे: 1922-23 च्या सुमारास तिकडच्या एका चाचणीत सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिल्याची नोंद आहे. आपल्या अंगणात तेवढ्याची अपेक्षा धरू नये. काळ्या रंगामुळे ती ऊन अधिक शोषते, म्हणून कडुनिंबाची किंवा शेवग्याची सावली आणि दुपारी दोनदा बदललेले गार पाणी तिला लागतेच.

सहज मिळण्याच्या दृष्टीने गिरिराज आणि वनराज बऱ्या. गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. दोन्ही रंगीबेरंगी, जड आणि सोशिक आहेत. वनराज परसात वर्षाला शंभर-एकशे दहा अंडी देते. त्याच संस्थेची ग्रामप्रिया त्याहून बरीच अधिक देते, पण ती अंगाने हलकी असल्यामुळे हातात यायला जास्त वेळ घेते. ज्यांना मुलांसाठी कोंबडी हवी आहे त्यांनी अंड्यांचा हा फरक मनावर घेऊ नये, असे माझे मत आहे. वनराजला मका आणि दादर ज्वारी हवी तेवढी टाकत राहिल्यास मात्र ती लठ्ठ होते, पायांनी अधू होते आणि उन्हाळ्यात सर्वांत आधी तीच कोसळते.

कडकनाथबद्दल विचारणारे पुष्कळ, कारण झाबुआ आणि अलिराजपूर आपल्याला दूर नाहीत. धडगावहून नर्मदा ओलांडली की अलिराजपूर जिल्हाच लागतो. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिची मागणी वाढली. ती काटक आहे, आपले ऊन तिला बाधत नाही, परंतु ती रानवट आहे. संधी मिळाली की खुराड्याऐवजी झाडावर झोपते आणि मोठी झाल्यावर हात लावू देत नाही. असीलचे नेमके उलटे आहे. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेला हा पक्षी माणसाशी आश्चर्य वाटावे इतका सौम्य वागतो, मात्र दुसऱ्या असीलला सहन करत नाही, म्हणून एका घरात एकच असील ठेवावा लागतो. राहिली आपली गावरान. ती बुजरी असली तरी पिल्लापासून हातात वाढवल्यास चांगली माणसाळते, आणि खुडूक बसून एकवीस दिवसांत पिल्ले काढण्याचे काम तिच्याइतके निष्ठेने कोणी करत नाही. गिरिराज-वनराजला तर खुडूक बसण्याची सवयच राहिलेली नाही. पिल्ले घेऊन फिरणाऱ्या गावरानच्या जवळ मात्र लहान मुलांना जाऊ देऊ नये. एरवी गरीब असणारी कोंबडी त्या दिवसांत थेट तोंडावर झेपावते.

जात ठरली तरी निम्मे काम उरते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. याच काळात त्यांना माणसाची ओळख पटते. वरून हात घालून पिल्लू उचलू नये, कारण वरून येणारे सारे काही त्याच्या लेखी घार असते. जमिनीवर बसावे, तळहातावर भरडलेली बाजरी ठेवावी आणि त्याला आपणहून चढू द्यावे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगले जमते, फक्त त्यांना धावू नका म्हणून सांगावे लागते. एकटी कोंबडी पाळू नये, ती कावरीबावरी होते. एकाच वयाच्या तीन-चार एकदम आणाव्यात, म्हणजे त्यांच्यातील लहान-मोठेपणाची उतरंड लवकर ठरते आणि टोचाटोची थांबते. कोंबडा ठेवू नये, असे मी स्पष्ट सांगते. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, पहाटेच्या त्याच्या बांगेला शेजारी कंटाळतात, आणि वयात आल्यावर तो नेमका घरातील सर्वांत लहान मुलावर धावून जातो.

आजारांविषयी थोडे कडक बोलणे मला भाग आहे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून मानमोडी (राणीखेत) आणि देवी या कोंबड्यांच्या इतर रोगांची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी, बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, आणि मुलांना कोंबडीचा मुका घेऊ देऊ नये. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुतलेच पाहिजेत, कारण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही पोट बिघडवणारे जंतू असतात. एकाएकी एकापेक्षा जास्त पक्षी मेले, तर ते उकिरड्यावर न टाकता दवाखान्याला कळवावे. घराला लागून कपाशी असेल, तर फवारणीनंतर कोंबड्या काही दिवस कोंडून ठेवाव्यात.

पिल्ले आणण्यासाठी मी दसरा-दिवाळीचे दिवस सुचवते. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असल्याने पिल्लांशी ओळख व्हायला वेळ मिळतो, आणि मे महिना येईपर्यंत पक्षी सहा महिन्यांचे होऊन पुरेसे धडधाकट झालेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर आणलेली पिल्ले जगवणे अनुभवी माणसालाही जड जाते.