आमचा मारिओ सावकाश चालायचा

मागच्या गणपतीत मालवणला घरी गेलेलो. आरती झाली, प्रसाद झाला, सगळे खळ्यात गप्पा मारत बसलेलो आणि मामेभावाच्या मुलाने मोबाईलवर मारिओ गेमचा व्हिडिओ लावला, तो अगदी पहिला, डोक्याने विटा फोडणारा. म्यूझिक सुरू झालं आणि मी स्क्रीन न बघताच म्हटलं, अरे हे कोणीतरी फास्ट केलंय. तो म्हणाला, नाही काका, ओरिजिनलच आहे. मी म्हटलं शक्यच नाही, हे गाणं मला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवेन, ते एवढं धावत नाही.

रात्री सगळे झोपल्यावर शोधत बसलो. पोरगा बरोबर होता. आणि मीपण बरोबर होतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं हे समजल्यावर मी दोन दिवस दुसरं काही बोलतच नव्हतो, म्हणून शेवटी इथे लिहितोय.

तर टीव्हीला जोडून ज्यावर आम्ही मारिओ खेळायचो ते मशीन मुळात जपानचं. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ ला काढलं, नाव फॅमिली कॉम्प्युटर, तिकडे सगळे फॅमिकॉम म्हणतात. अमेरिकेत तेच १९८५ मध्ये करड्या डब्यात घालून एनईएस नावाने गेलं. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा आणि गेमचा सगळा हिशोब त्या ठेक्यावर बांधलेला, म्हणजे चित्र एकदा बदललं की मारिओ इतका पुढे, गाणं इतकं पुढे. आपला टीव्ही पाल सिस्टिमचा, सेकंदाला ५०. आपल्याकडच्या टीव्हीसाठी जी कॉपी मशीनं बनली ती ५० वर चालायची पण कॅसेटमधला गेम तोच, ६० च्या हिशोबाने लिहिलेला. त्यामुळे सगळंच हळू झालं. तिकडे जे गाणं एका मिनिटात संपतं त्याला आमच्याकडे ७२ सेकंद लागायचे. सूर जवळपास तेच, फक्त चाल संथ. मारिओची उडी संथ, कासवं संथ, कॉन्ट्रा नावाच्या गोळीबाराच्या गेममधल्या गोळ्या संथ. माझं अख्खं लहानपण त्या ७२ सेकंदांच्या गाण्यावर गेलंय आणि मला ते पंचवीस वर्षं माहीतच नव्हतं.

आमच्याकडे ते आलं १९९९ च्या मे महिन्यात. मामा परळला राहायचा, मेमध्ये सगळे चाकरमानी येतात तसा आला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन वर्ष-सव्वा वर्षच झालेलं त्यामुळे कुडाळला उतरून मग एसटी. पिशवीतून आंब्याच्या रिकाम्या पेटीएवढा खोका काढला आणि म्हणाला, "बघ, काय हाडलंय तुज्यासाठी." लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. केवढ्याला घेतला ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

आत एक पांढरट मशीन, दोन रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो, कंट्रोलर हा शब्द फार नंतर आला), एक पिस्तूल, एक अडॉप्टर आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. आम्ही भावंडांनी खरंच मोजायचं ठरवलेलं. निघाले वीस-बावीस गेम, बाकी सगळे तेच परत परत, एका नंबरवर कॉन्ट्रा पहिल्या स्टेजपासून, दुसऱ्या नंबरवर तिसऱ्यापासून, अजून एका नंबरवर जास्त लाईफवाला. पण वीस-बावीस गेम म्हणजे काय कमी होते का. एक मे महिना त्यात गेला, मग दुसरा, मग सगळ्या शनिवारच्या दुपारी.

टीव्ही आमचा चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट. मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची आणि मग ट्यूनिंगचं बटण हळूहळू फिरवत बसायचं, मुंग्या मुंग्या मुंग्या आणि मग अचानक मेनू. ही एक गोष्ट मला अभिमानाने सांगायची आहे. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की पहिल्या मारिओमधले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, कारण अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. लोकांना हे वाचून धक्का बसतो. आमच्या ताईने हे १९९९ मध्येच ओळखलेलं! रंगच नव्हते ना आमच्याकडे. ती म्हणालेली, वरचा ढग खाली पडलाय बघ. आज व्हॉट्सॅपवर जे फोटो येतात त्यापेक्षा कमी जागेत तो गेम बसलाय, आठही दुनिया, गाण्यांसकट. आणि मशीनला चालू कामासाठी रॅम किती, तर २ किलोबाइट. मी आता सॉफ्टवेअरमध्येच नोकरी करतो आणि हा आकडा वाचला की मला अजून हात जोडावेसे वाटतात त्या लोकांना.

दुसरा रिमोट नेहमी माझ्याकडे, कारण मी सगळ्यात लहान. त्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. मला वाटायचं भावंडांनी मुद्दाम मला बिघडलेला दिलाय, त्यावरून मी आजीकडे तक्रारसुद्धा केलेली. खरं कारण यावर्षी कळलं. ओरिजिनल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर त्या जागी छोटा माईक होता, त्यात बोलता यायचं, म्हणून स्टार्ट-सिलेक्ट तिथे ठेवलंच नाही. कॉपी करणाऱ्याने माईक काढून टाकला पण बटणं काही परत लावली नाहीत. क्योटोमध्ये बसून कोणीतरी घेतलेला एक निर्णय, आणि त्यावरून मालवणात एक पोरगा पडवीत रडतोय. मला हे कळल्यावर इतकं बरं वाटलं की लगेच ताईला फोन केला.

आणि आजी. मेच्या शेवटी संध्याकाळचं गडगडायला लागलं की आजी आतून ओरडायची, "गडगडाक लागला, ती वायर काढ आदी!" आणि आम्ही कॉन्ट्राच्या तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर, उड्या मारत वर चढत असायचो. सेव्ह करणं हा प्रकारच नव्हता आमच्या कॅसेटमध्ये. वायर काढली की सगळं गेलं. लाईट गेली तरी सगळं गेलं, आणि लाईट तर जायचीच. त्यामुळे आम्ही कॉन्ट्राची पहिली तीन स्टेज किती वेळा खेळलो असू याला गणतीच नाही, शेवट मी पहिल्यांदा बघितला तो कॉलेजला गेल्यावर, मित्राच्या कॉम्प्युटरवर. बटणं ठरावीक क्रमाने दाबली की तीस लाईफ देणारा तो वर वर खाली खालीवाला कोडपण तिथेच समजला. तो कोड कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रेडियस नावाचा गेम बनवताना टाकलेला, गेम त्यांना स्वतःलाच टेस्ट करायला जड जात होता म्हणून. ते २०२० मध्ये गेले.

आता कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, खारी हवा कशालाच सोडत नाही. खिडकीचे गज, सायकल, मिक्सर, सगळं. कॅसेटच्या खाली तांब्याच्या पट्ट्या असतात, फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, त्यांच्यावर एका पावसाळ्यात हिरवट थर चढतो. मग मशीन चालू केलं की नुसता पांढरा पडदा किंवा चौकोनांचा गोंधळ. आम्ही काय करायचो, फुंकायचो. जगात सगळ्यांनी फुंकलंय. फुंकून लागायचं पण, आणि त्यामुळे विश्वास बसायचा. खरं तर कॅसेट काढून परत नीट बसवल्यामुळे ती लागायची, फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या उलट जास्त खराब व्हायच्या, निन्टेन्डो स्वतः सांगायची की फुंकू नका. कोकणात जुलै महिन्यात कॅसेटवर फुंकणं म्हणजे ओल्यावर अजून ओलं. पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासायच्या, मग कापसाला स्पिरिट लावून पुसायच्या, वाळू द्यायच्या, बस. हे मला बाजारातल्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी शिकवलं.

त्याच काकांनी मशीन एकदा वाचवलंपण. २००२ च्या आसपास व्होल्टेज वरखाली होऊन ते बंदच पडलं. त्यांनी चार स्क्रू काढून उघडलं, मी टेबलाला नाक लावून उभा. मला वाटलेलं आत केवढं काय काय असेल. आत एक छोटी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा थेंब. काका म्हणाले, या थेंबात सगळं मशीन आहे, हा गेला असेल तर काही करता येणार नाही. मग मीटर लावून बघितलं आणि म्हणाले थेंब ठीक आहे, रेग्युलेटर गेलाय. तीन पायांचा ७८०५, अडॉप्टरचे ९ व्होल्ट आले की त्याचे ५ करून देतो. डब्यातून एक काढला, डाग लावला, आणि घरी येईपर्यंत मी खोका छातीशी धरून चालत होतो.

तो काळा थेंब म्हणजे काय ते आता समजतं. फॅमिकॉममधल्या मोठ्या मोठ्या चिप होत्या त्या सगळ्या पुढे कोणीतरी एकाच चिपमध्ये कोंबल्या आणि वरून काळं इपॉक्सी ओतलं, म्हणजे झालं मशीन, अगदी स्वस्तात. अमेरिकेच्या एनईएसमध्ये निन्टेन्डोने एक राखणदार चिप घातलेली, परवानगी नसलेली कॅसेट ती चालू द्यायची नाही. जपानच्या फॅमिकॉममध्ये ती नव्हती. म्हणून कॉपी सगळ्या फॅमिकॉमच्याच झाल्या. रशियात हेच मशीन १९९२ मध्ये डेंडी नावाने आलं आणि तिकडची अख्खी पिढी त्याला डेंडीच म्हणते. आमच्या मशीनवर तर नावपण धड नव्हतं, एक स्टिकर होता तो पहिल्याच पावसात निघाला.

निन्टेन्डोने ओरिजिनल मशीन एकूण ६ कोटी १९ लाख विकली. आमचं त्यात धरलेलं नाही, रशियातली डेंडी धरलेली नाही, तो आकडा कोणाकडेच नाही. आणि हे मला टोचतं, खोटं कशाला बोलू. ज्या लोकांनी तो गेम बनवला त्यांना आमच्या घरातून एक रुपया गेला नाही. मामाला माहीत नव्हतं, दुकानात दुसरं काही मिळतही नव्हतं, पण नाही गेला हे खरंच. मशीन ज्यांच्या हाताखाली तयार झालं ते मासायुकी उएमुरा डिसेंबर २०२१ मध्ये वारले. मला त्यांचं नाव त्यांच्या मृत्यूच्या बातमीमुळे कळलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या कामाने आम्हाला उन्हाळे दिले त्याचं नाव अशा वेळी कळावं याचं मला अजून वाईट वाटतं.

अमेरिकेत हे मशीन १९९५ मध्ये बंद झालं. जपानमध्ये सप्टेंबर २००३ पर्यंत बनत होतं, रिपेअर तर ऑक्टोबर २००७ पर्यंत. म्हणजे आमच्याकडे आलं तेव्हा अमेरिकेत ते बंद होऊन चार वर्षं झालेली, आणि जपानमध्ये शेवटचं मशीन बनलं तेव्हा आम्ही बहुतेक त्यावरच खेळत असू. ते जुनं झालंय, बंद पडलंय, असं आम्हाला कोणी सांगितलंच नाही आणि कोणी सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता. आणि ते अजूनही बंद नाहीये. २०१९ मध्ये मायक्रो मेजेस नावाचा नवा गेम आला या मशीनसाठी, मुद्दाम जुन्या ४० किलोबाइटच्या मापात बसवलेला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या मुलाने याच मशीनवरचं टेट्रिस लेव्हल १५७ पर्यंत नेऊन गोठवलं, म्हणजे गेमच पुढे चालेना, तोपर्यंत एवढ्या लांब कोणी माणूस गेलाच नव्हता. १९८९ चा गेम!

यावर्षी मेमध्ये गेलो तेव्हा माळ्यावरून खोका काढला. पट्ट्या घासल्या, पुसल्या. हॉलमधल्या एलईडीवर लावला तर मारिओ लागला पण बदकं पाडायच्या गेममध्ये पिस्तूल चालेना, एकही बदक पडेना. ते चालणारच नाही. घोडा दाबला की एक क्षण पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, पिस्तुलात प्रकाश ओळखणारा डोळा आहे तो त्या क्षणी उजेड दिसतो का बघतो. जुना काचेचा टीव्ही तिथल्या तिथे उजेड देतो, नव्या टीव्हीला चित्र दाखवायला जरा वेळ लागतो आणि तोपर्यंत संधी गेलेली असते. मग पडवीतून तो चौदा इंची काढला, कोळ्यांची जाळी पुसली, मला वाटलं पेटणार नाही, पेटला. मुंग्या, मुंग्या, आणि मेनू. भाच्याने पहिलं बदक पाडलं तेव्हा मामा झोपाळ्यावरून उठून आला आणि त्याच्या हातातून पिस्तूल घेतलंच.

मारिओचं गाणं मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलंय, संथवालं. घड्याळ लावून मोजलं. बरोबर सहावा हिस्सा हळू.

निघायच्या आदल्या दिवशी मामी आगोटीचं भरत होती, पापड, सोलं, सुकट, मिरच्या, सगळं मृगाच्या आत डब्यात जायला हवं. मी एक पत्र्याचा डबा मागून घेतला, कॅसेट सुती फडक्यात गुंडाळल्या, चपलांच्या खोक्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या होत्या चार-पाच त्या टाकल्या आणि झाकण लावून सोलांच्या बरणीशेजारी ठेवला. मामीने त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, गेम, उघडू नये. गणपतीला उघडणार.