ओळखीचा शब्द तोंडी येईपर्यंत

जर्मनच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत आले तेव्हा माझ्या शब्दांच्या दोन वह्या भरल्या होत्या. वाचताना फारसं अडायचं नाही. मग वर्गात जोडीने सहल ठरवायला सांगितलं आणि तिसऱ्याच वाक्याला माझी गाडी अडली. ‘आपण निर्णय घेऊ’ एवढंच म्हणायचं होतं. निर्णयाला ‘एन्टशायडुंग’ म्हणतात हे पाठ होतं. मराठीत निर्णय घेतात, म्हणून मी ‘नेमेन’, म्हणजे घेणे, हे क्रियापद लावलं. बाईंनी फळ्यावर ‘ट्रेफेन’ लिहिलं. ट्रेफेन म्हणजे भेटणे! ही जोडी माझ्या वाचनात कितीदा तरी येऊन गेली असणार. पण वाचताना अर्थ लागला की डोळे पुढे सरकतात. बोलायचं तर शब्दासोबत त्याचा सोबतीही ठाऊक असावा लागतो.

कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं: समज उत्तम, बोलणं-लिहिणं मात्र मागे. ते वाचून मला फार धीर आला.

मग मी आधी लिहायला लागले. रोज एक परिच्छेद, शब्दकोश मिटून. शब्द अडला की तिथे मराठी शब्द लिहून पुढे जायचं आणि शेवटी तेवढेच शोधायचे. एकदा ‘बैठक पुढे ढकलली’पाशी अडले. शोधल्यावर ‘फेर्शीबेन’ मिळालं. त्यात ‘शीबेन’ आहे, म्हणजे ढकलणे. अगदी आपल्यासारखंच! इतका आनंद झाला की तो शब्द वहीत उतरवायचीही गरज पडली नाही.

नुसतं बोलून माझे शब्द वाढले नसते. घाईत आपण त्याच चार सोप्या क्रियापदांवर भागवतो. लिहिताना शोधायला सवड मिळते. म्हणून लिहिलेलाच विषय मी वर्गातल्या मैत्रिणींना सांगायचे: पहिलीला चार मिनिटांत, दुसरीला तीन, तिसरीला दोन. पहिल्या फेरीत चाचपडत सापडलेला शब्द तिसऱ्या फेरीत जागच्या जागी यायचा.

पुढे तोंडी परीक्षेत जोडीदार म्हणाला, शनिवारी जमणार नाही. माझ्या तोंडून आपसूक ‘फेर्शीबेन’ निघालं, आणि आम्ही रविवारचं बोलू लागलो.