दुधाची दाढ आणि स्टीलची टोपी

"दुधाचे दात काय, पडायचेच आहेत." आमच्या घरात हे वाक्य सगळ्यात जास्त मीच म्हटलंय. माझ्या लेकीच्या, ओवीच्या खालच्या डाव्या दाढेवर तपकिरी ठिपका दिसला तेव्हाही हेच म्हणालो आणि मोकळा झालो. चार महिन्यांनी रात्री अडीच वाजता पाच वर्षांची पोर गाल धरून उठली. आईने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, तर हिरडी चुरचुरून रडणं दुप्पट.

सकाळी घराजवळच्या दवाखान्यात नेलं. ती तोंड उघडेना, म्हणून मी हात धरले, कंपाउंडरने डोकं. ती डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावली. दुखण्यावरचं औषध लिहून देत "जरा मोठी झाली की आणा" म्हणाले. त्या दिवसापासून डॉक्टर हा शब्द निघाला की ही पलंगाखाली. चूक माझीही होतीच, धरायला मीच पुढे झालो होतो.

लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर वेगळे असतात, हे मला ऑफिसातल्या एका बाईंकडून कळलं. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात डेंटल कॉलेजं आहेत आणि तिथे लहान मुलांचा विभागच निराळा. आमच्या ऐरोलीहून नेरूळला थेट लोकल, खर्चही कमी. वेळ मात्र हाताशी ठेवून जायचं.

केसपेपर काढून दीड तास बसलो. शिकणारी एक डॉक्टर मुलगी आली आणि पहिल्या दिवशी तिने, खरं सांगायचं तर, काहीच केलं नाही. खुर्ची वर-खाली केली, पाण्याची पिचकारी ओवीच्या हातात दिली, फिरणारा ब्रश आधी तिच्या नखावर लावला, मग एका दातावर. माझी रजा फुकट गेली असं वाटत होतं, तेवढ्यात ओवीने स्वतःहून 'आ' केला. एक्स-रेसुद्धा निघाला.

कीड दाढेतल्या नसेपर्यंत पोचली होती. मी विचारलं, "काढूनच टाकता येणार नाही का?" त्यावर डॉक्टर मॅडमनी समजावलं, की ही दाढ मूल साधारण दहा ते बारा वर्षांचं होईपर्यंत लागते. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे कायमची दाढ येते. पुढची जागा रिकामी असली तर ती पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला वाटच उरत नाही. मग पुढे तारा लावत बसा. पाच-सहा वर्षं कामाची दाढ मी "पडायचीच आहे" म्हणून सोडून दिली होती.

"रात्री झोपताना काय देता?" चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि दोन बिस्किटं. "त्यानंतर ब्रश?" मी गप्प. आमच्याकडे ब्रश सकाळचा, तोही तिचा तीच करायची. पेस्ट मुद्दाम फ्लोराइड नसलेली आणलेली, गिळली तर काय म्हणून. आता फ्लोराइडचीच आहे, मटाराच्या दाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढीच पुरते, हे धाकट्या भावालाही फोन करून सांगितलं.

पुढच्या खेपेला हिरडीला जेल, मग भुलेचं इंजेक्शन. "दाढेला झोपवतोय," असं तिला सांगितलेलं. आतली कीड आणि नस साफ करून औषध भरलं. "गाल-ओठ दोन-तीन तास बधिर राहील, चावू देऊ नका," असं बजावलं होतं. लोकलमध्ये मी मोबाईल बघत बसलो आणि घणसोली येईपर्यंत पोरीने खालचा ओठ चघळून टम्म सुजवला. घरी काय ऐकलं ते लिहीत नाही.

तिसऱ्या खेपेला दाढ झाकायला वरून स्टीलची टोपी बसली. दाढेबरोबर तीही पडेल.

आता रात्री दूध आधी, मग ब्रश, आणि तो मी करतो. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना नीट जमत नाही म्हणे. ब्रश झाला की मोबाईलचा टॉर्च लावून टोपीच्या मागे बघतो. सहाव्या वर्षाची दाढ अजून दिसलेली नाही.