फोटो काढून झाले ना?

सकाळी वहिनी सहज म्हणाली, "फोटो काढून झाले ना तुझे? मग मोडीत देऊया आता सगळं." मी हो म्हणाले, चहा संपवला. दुपारपासून मात्र काही सुचत नाहीये.

तिचं काय चुकलं? घरातल्या जुन्या भांड्यांचे फोटो काढायची कल्पना माझीच होती. मागच्या पडवीत बाबांचं धोतर अंथरायचं आणि ऊन कललं की एकेक वस्तू त्यावर ठेवायची. पाणी तापवायचा बंब, घंगाळ, ओगराळं, सांडशी, आईचा चकलीचा सोऱ्या, मापटं, चिपटं. आठवडाभरात ६३ झाले. मला वाटत होतं, मी जपतेय. वहिनीला वाटलं, मी आवरतेय.

तेच करत होते का मी?

पितळी डब्यावर आजीचं माहेरचं नाव आहे, छिन्नीने ठोकलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. घासून घासून आडनाव जवळजवळ गेलंय. बोटाला लागतं, फोटोत येत नाही. बॅटरीचा तिरपा उजेड टाकून पाहिला, तरी नाही. आणि म्हणे फोटो काढून झाले.

वहिनीचंही खरं आहे. कल्हई उडाली की पितळेत आमटी कळकते. पूर्वी कल्हईवाला दारातच भाता मांडायचा. तापलेल्या भांड्यात नवसागर, मग कथील, कापसाचा बोळा फिरला की आतून लख्ख चांदी. तो धूर नाकात जायचा तरी आम्ही हलायचो नाही. आता एवढ्या भांड्यांसाठी कुणाला शोधत फिरायचं? मोडीत सगळं वजनावर जातं, नाव कुणाचं नि पोचा कशाने पडला हे कुणी विचारत नाही. माझ्या फोटोंत अर्धंमुर्धं नाव आहे, पोचे आहेत, वजन तेवढं नाही. घंगाळ उचलताना मनगटात कळ येते ती कुठे ठेवू? आई रोज ते भरून... जाऊ दे.

संध्याकाळी पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते आठवत राहिले. दिनकर केळकरांनी दिवे, दरवाजे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशी घरोघरची हजारो चीजवस्तू गोळा केली, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं, आणि १९७५ मध्ये सगळं शासनाच्या हाती सोपवलं. ते गेले १९९० मध्ये. मधली पंधरा वर्षं ते तिथे जाऊन उभे राहत असतील तेव्हा काय वाटत असेल, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. त्यांना वस्तू तरी समोर दिसत होत्या, हेही मनात आलंच. पण इतकं जमवलेल्या माणसालाही शेवटी हातातून सोडावं लागलं, याने का कोण जाणे, जरा शांत वाटलं.

रात्री वहिनीला म्हटलं, डबा मी नेते, बाकीचं दे. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बंब पेटलेला मी कधी पाहिलाच नाही गं. लग्न होऊन आले तेव्हा गीझर होता."

उद्या पहाटे पेटवायचा ठरलंय. दादा गोवऱ्या कुठे मिळतील ते विचारायला बाहेर पडलाय, आणि वहिनी चिंच लावून बंब घासत बसलीय.