चांदणी टांगताना लाईट गेली

मिरज, 10 डिसेंबर

नाताळची चांदणी टांगायला साडेसातला नातवाला घेऊन गच्चीवर गेले. वायर खिडकीतून वर ओढली, बल्ब बसवला, बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीची लाईट गेली. आमच्यामुळे नव्हे!

मग बसलो तिथंच. पूर्वेला मृग नुकता वर येत होता, त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. मला चार दिसल्या, त्याही चष्मा पुसून. नातवाला सहा. त्यांचा उजेड इथं पोचायला सुमारे 440 वर्षं लागतात, म्हणजे हा शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच निघालेला, असं सांगितलं तर म्हणाला, ‘मग त्या आत्ता तिथं आहेत का गेल्या?’

कृत्तिकांचा गुच्छ तुला बांधता येतो का, असं बायबलमध्ये देव दुःखानं पिचलेल्या ईयोबाला वादळातून विचारतो. ते वाचताना मला ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं. माझा जीव रमतो 147व्या स्तोत्रात. तिथं तिसऱ्या वचनात देव भग्नहृदयी माणसांच्या जखमांना पट्ट्या बांधतो आणि लगेच चौथ्यात तारे मोजून एकेकाला नाव देतो. (नावं देतो. नावं ठेवायला आमच्या मंडळीत माणसं आहेत.)

पट्टी काही लांबून बांधता येत नाही. एकतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली मी. कोयता लागलेल्या पिंढऱ्या, मधुमेहानं सडलेले पाय. चिकटलेलं गॉज ओढायचं नसतं. त्यावर सलाईन सोडायचं, थांबायचं, मग एका कोपऱ्यापासून हलकेच उचलायचं. तोवर आपलं नाक जखमेपासून वीतभर. वास मारतो. पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि मध्येच आपलं मनगट घट्ट धरतो.

हे गेले त्या वर्षी मला कुणी जवळ यायला नको होतं. पाळकसाहेब आले तर चहा करायच्या निमित्तानं मी आत. चर्चला जायचे, पण ओठ नुसते हलायचे. देवानं जबरदस्ती केली नाही. आज अंधारात वाटलं, त्यानं ओढलंच नाही, भिजू दिलं. किती महिने वाकून बसला असेल, कोण जाणे.

पाऊण तासानं लाईट आली. चांदणी लागली, गल्लीतले दिवे लागले आणि कृत्तिका पुसट झाल्या.

‘आज्जी,’ नातू म्हणाला, ‘परत घालव की लाईट.’