तुम्ही विचारलंत म्हणून: ‘टेल मी’ चालतं, मग ‘सजेस्ट मी’ का नाही?

मी इंग्रजी शिकवते हे कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात, लग्नकार्यात विचारतात, जिन्यात गाठून विचारतात, आणि परवा एका विद्यार्थिनीच्या बाबांनी तर मुद्दाम फोन करून विचारलं, की मॅडम, ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू गो’ बरोबर आणि ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चूक, अर्थ तर जवळपास तोच, मग हे ठरवलं कुणी? प्रश्न अगदी रास्त आहे. ‘इंग्रजीत तसंच असतं, पाठ करा’ हे उत्तर मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आपल्या मराठीकडे बघा. मला दे, मला सांग, मला दाखव, मला समजाव, मला सुचव. सगळीकडे ‘मला’. आपला एक ‘ला’ या सगळ्यांना पुरतो. इंग्रजीत नेमक्या इथेच दोन वाटा फुटतात, म्हणजे गिव्ह मी, टेल मी, शो मी, सेंड मी हे एकीकडे, आणि एक्सप्लेन इट टू मी, सजेस्ट इट टू मी, डिस्क्राइब इट टू मी हे दुसरीकडे. ढोबळमानाने असं दिसतं की छोटी, रोजच्या बोलण्यातली, मूळची इंग्रजी क्रियापदं माणसाला थेट शेजारी बसवतात आणि लॅटिनमधून किंवा फ्रेंचमार्गे आलेली क्रियापदं माणसाच्या आधी ‘टू’ मागतात. अपवाद आहेतच, ‘से’ अस्सल इंग्रजी असूनही ‘से मी’ होत नाही आणि ‘ऑफर’ मूळ लॅटिन असूनही ‘ऑफर मी’ बिनधास्त चालतं, पण नवीन शब्द भेटला की अंदाज बांधायला हे उपयोगी पडतं.

आता सजेस्ट. सजेस्टच्या लगेच पुढे सूचना येते, ॲडव्हाइजच्या लगेच पुढे माणूस येतो, फरक एवढाच आहे. म्हणून ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड मी टू रेस्ट’, पण ‘द डॉक्टर सजेस्टेड रेस्टिंग’ किंवा ‘सजेस्टेड दॅट आय रेस्ट’. मुलं इथे का घसरतात त्याचंही कारण आहे. शाळेत रजेचा अर्ज घोटून घेतलेला असतो, ‘आय रिक्वेस्ट यू टू काइंडली ग्रँट मी लीव्ह’, आणि ते वाक्य बरोबरच आहे, कारण रिक्वेस्ट, आस्क, टेल, ऑर्डर, ॲडव्हाइज, फोर्स ही सगळी आधी माणूस आणि मग टू अशीच चालतात. तो साचा एकदा हातात बसला की त्यात सजेस्टही घातलं जातं. मुलगी काही ढ नसते हो, उलट ती नियम ओळखून पुढे वापरतेय, फक्त हे एक क्रियापद त्या गटातलं नाही.

‘डिस्कस अबाउट’चंही तसंच. ही चूक मराठीतून येते असं सरसकट म्हणतात, ‘विषयावर चर्चा’ वगैरे, आणि थोडी येतही असेल, पण मला वाटतं मोठं कारण इंग्रजीच्या आतच आहे. डिस्कशन हे नाम ‘अबाउट’ घेतं, एम्फसिस ‘ऑन’ घेतं, रिक्वेस्ट आणि ऑर्डर ही नामं म्हणून ‘फॉर’ घेतात. त्यांची क्रियापदं झाली की ते शब्द गळून पडतात, डिस्कस द प्रॉब्लेम, एम्फसाइज द पॉइंट, ऑर्डर टी. नामासोबत शिकलेला शब्द आपण क्रियापदालाही चिकटवतो. बोलताना कुणी ‘डिस्कस अबाउट’ म्हटलं तर मी अडवत नाही, अर्थ पोचलेला असतो. नोकरीच्या अर्जात मात्र पेन्सिलने खूण करतेच करते, कारण वाचणारा माणूस तेवढ्यावरून मत बनवतो आणि ते नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ यातला फरक समजवायला लोक पानंच्या पानं लिहितात, मराठी माणसाला त्याची गरजच नाही! तो बोलायला थांबला. तो बोलायचा थांबला. बघा, दोन शब्दांत झालं. तसंच ‘कुलूप लावायला विसरलो’ म्हणजे फरगॉट टू लॉक, आणि ‘कुलूप लावल्याचं विसरलो’ म्हणजे फरगॉट लॉकिंग, पहिल्यात दार उघडं राहिलंय, दुसऱ्यात बंद आहे पण आपण परत चार मजले चढून बघायला जाणार. वर्गात हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की मुलांचे चेहरे उजळतात, आपल्या भाषेत हे आधीपासून होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

याच्याही खाली एक गंमत आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाआधीचा हा ‘टू’ दिशा दाखवणारा साधा ‘टू’च होता आणि त्याच्यापुढचं क्रियापद नामासारखा प्रत्यय घेऊन यायचं. आपल्या ‘पाहायला’मध्येही तोच ‘ला’ आहे जो ‘पुण्याला’मध्ये आहे. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली.

मेलच्या शेवटी सगळे लिहितात ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ मात्र चूक आहे, ‘टू हिअरिंग’ हवं, कारण तिथला टू अजून तो जुना, नामाआधीचा टू आहे. ओळखायचा कसा? पुढे नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालतं, म्हणजे क्रियापदाला आयएनजी लावा. ‘वॉन्ट टू युअर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून वॉन्ट टू हिअर. ‘यूज्ड टू’च्या दोन अर्थांचा घोळही याच कसोटीने सुटतो, करून बघा.

हे सगळं शब्दकोशात असतं का, तर असतं. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक 1924 साली जपानला गेले, तिथल्या विद्यार्थ्यांना नेमकं हेच अडतंय हे त्यांनी पाहिलं आणि 1942 साली टोकियोत त्यांचा जो कोश छापला गेला त्यात क्रियापदांचे 25 साचे दिले होते. आज घरोघरी जी ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी दिसते तिचं मूळ तेच. आपण मात्र कोशात अर्थ बघतो आणि मिटतो. अर्थाखालची उदाहरणाची ओळ वाचा, साचा तिथे असतो, आणि वहीत नुसतं ‘इन्सिस्ट’ लिहू नका, ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’ असं अख्खं लिहा.

राहता राहिलं ‘मेक’. त्याने मला थांबायला लावलं, यातल्या ‘थांबायला’मुळे आपण ‘मेड मी टू वेट’ म्हणून जातो, पण मेक आणि लेट दोघांनाही टू नको, मेड मी वेट, लेट मी गो. कर्मणी केलं की मात्र मेकचा टू परत येतो, ‘आय वॉज मेड टू वेट’. आणि ‘हेल्प’ दोन्ही घेतं, हेल्प मी कॅरी म्हणा नाहीतर हेल्प मी टू कॅरी म्हणा, तिथे अजिबात डोकं लावू नका.