आमची वाटचाल : जीप, जंगल आणि जाळरेषा

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत १९९४ पासून आमचं वर्कशॉप आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, सोडून दुसरी गाडी आम्ही कधी आत घेतली नाही, आजही घेत नाही. सुरुवातीला लष्कराच्या लिलावातल्या डिस्पोजलच्या जीपा यायच्या. मग एमएम ५४०, मेजर आणि जिप्सी आल्या, आता थार येतात. ५४०चं प्यूजो इंजिन ज्यांनी एकदा तरी उतरवलंय, त्यांना त्या कामाची गोडी मी काय सांगावी!

वेल्डिंग भाईंचं. भांडवल माझं आणि हात त्यांचे, असा आमचा भागीदारीचा करार होता, तोही तोंडी. पाइप वाकवायचं हायड्रॉलिक मशीन घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा भाई पाइपमध्ये बारीक कोरडी वाळू ठासून भरायचे, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टा मारायचे आणि मग गॅसवर तापवून वाकवायचे. वाळू भरली की वळणावर पाइप चपटत नाही. त्या पद्धतीनं केलेले रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं वाचवणारे पाइपचे सांगाडे, आजही फिरताहेत, एकाचाही जोड सुटलेला नाही.

पुढची वीसेक वर्षं धंदा बरा चालला. सांगावं असं जे घडलं ते त्यानंतर.

२०१७च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, की गाड्यांचे बुलबार, म्हणजे पुढचे लोखंडी कठडे, काढायला लावा. पावडर कोटिंग होऊन आलेला आमचा माल भिंतीला टेकून उभा होता, तो भंगाराच्या भावानं गेला. त्यातून सावरतोय तोच २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), स्टीलचे बंपर, इंजिन बदलणं, म्हणजे आमच्या गल्ल्यातला मोठा हिस्साच गेला. अ‍ॅडव्हान्स परत मागणारे फोन सुरू झाले. प्रत्येकाचा रुपया न रुपया परत केला. बँकेचे हप्ते थकले, पोरं दुसरीकडे कामाला लागली, मशीनवर ताडपत्री पडली. त्या निकालाच्या जेमतेम पाच महिने आधी केरळच्या महापुरात ऑफ-रोड क्लबांच्या अशाच उंच केलेल्या जीपा पाण्यात उतरून माणसं बाहेर काढत होत्या, साऱ्या देशानं ते पाहिलं होतं. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

आम्हाला तारलं ते मुलुंडच्या एका दंतवैद्यांनी. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणतो. त्यांची ५४० पहिल्यापासून आमच्याकडे. त्या वाईट दिवसांत ते म्हणाले, "शेठ, गाडीला हात लावता येत नाही ना? मग डिकीत काय ठेवायचं ते विका." बरोबर बोलले. गाडी उंच उचलणारा फार्म जॅक, दोरी जोडायची बो शॅकल कडी, ओढ वळवायची स्नॅच ब्लॉक कप्पी, ताणली जाणारी रिकव्हरी दोरी, हवा काढायचं आणि भरायचं यंत्र, यातलं काहीच गाडीच्या रचनेत बदल ठरत नाही. ह्या सामानावर आणि ते वापरायला शिकवण्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो.

यात झाडाचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. विंच म्हणजे अडकलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र. त्याची तार थेट खोडाला गुंडाळली तर ती साल कापत आत जाते. खोडाभोवती पूर्ण वर्तुळ कापलं गेलं की ते झाड उभ्यानं वाळतं. चार बोटं रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा घातला की खोडाला ओरखडाही येत नाही. जो गिऱ्हाईक हा पट्टा नको म्हणतो, त्याला आम्ही विंच विकत नाही.

नेमक्या ह्याच काळात आमच्याच लाइनमध्ये एकानं दुकान थाटलं. नाव घेत नाही, लाइनमधल्यांना माहीत आहे. पातळ पत्र्यावर विंच बसवायचा, "आरटीओचं आम्ही बघून घेऊ" म्हणायचा आणि आमच्या निम्म्या भावात काम द्यायचा. आमची जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. तेही सोसलं असतं. पण भर पावसात तो गाड्यांचा तांडा घेऊन मुरबाडकडच्या एका ओढ्यात शिरला. ओढ्याच्या पात्रातूनच वरपर्यंत गाड्या नेल्या, मोबाईलवर चित्रण केलं, जाहिरात म्हणून फिरवलं. खालच्या पाड्याचं पाणी त्याच ओढ्याचं. गावकऱ्यांनी रस्ता अडवला, वनखात्यानं गुन्हा नोंदवला आणि कूप रस्त्याच्या, म्हणजे तोडीचं लाकूड न्यायच्या जंगलवाटेच्या, तोंडावर साखळी लागली. आम्ही वर्षानुवर्षं वनपालांना पत्र देऊन, परवानगीचा कागद खिशात ठेवून त्या वाटेनं जात होतो. साखळी आम्हालाही लागली. तो गडी दुकान बंद करून दुसऱ्या धंद्याला लागला. साखळी अजून तिथेच आहे.

मी वन नियोजनाच्या मागे लागलो तो ह्या साखळीमुळे. प्रत्येक वनविभागाची कार्य आयोजना असते, साधारण दहा वर्षांची. कुठे तोड, कुठे लागवड, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) कुठून जाणार, चराई कुठे, पर्यटन कुठे, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्यात ज्याचं नाव नाही, त्याला दहा वर्षं कोणी विचारत नाही. आणि राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हाच आहे.

आमची मागणी काय ते स्पष्ट लिहितो, कारण लोक मुद्दाम वेडावाकडा अर्थ काढतात. राष्ट्रीय उद्यान नको, अभयारण्यही नको. बोरिवलीच्या उद्यानात तुळशी आणि विहार आहेत, तानसाच्या जंगलात तानसा तलाव आहे, मुंबई ते पाणी पिते. तिथे गाडी घालू म्हणणारा माणूस आमचा नव्हे. आम्ही मागतो ते साध्या प्रादेशिक वनविभागांत, आधीपासून असलेल्या कूप रस्त्यांवर आणि जाळरेषांवर. एकही नवी वाट फोडायची नाही. दिवाळीनंतर सुरू करायचं आणि शिमग्याआधी बंद. पावसात चाकोऱ्या खोल पडतात, त्यांच्या घळी होतात. शिमग्यानंतर गवत वाळलेलं असतं, तापलेल्या सायलेन्सरनं पेटू शकतं. गाड्यांची संख्या ठरवा, शुल्क घ्या आणि ते संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत गावाला द्या.

हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेच्या वनसेवेनं २००५ साली नियम केला, की प्रत्येक राष्ट्रीय वनानं गाड्यांसाठी कोणते रस्ते खुले ते ठरवून नकाशा छापायचा. नकाशात नसलेल्या वाटेवर गाडी नेली की दंड. तिथेही भांडणं झाली, आजही होतात, पण ती नकाशा समोर ठेवून होतात. आपल्याकडे नुसती साखळी आहे. साखळीनं सरळ माणूस थांबतो, चोरटा बाजूच्या ओढ्यातून जातो.

आयोजनेवरच्या एका सल्लामसलतीच्या बैठकीला मी गेलो. ट्रेकर होते, पक्षीनिरीक्षक होते, गावांचे सरपंच होते, गाडीवाला मी एकटा. वनखात्याच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नकाशा आहे का?" पुढच्या हिवाळ्यात आम्ही तो केला, रीतसर परवाना काढून. डॉक्टरसाहेब जीपीएस सांभाळायचे, मी वहीत लिहायचो आणि भाई सत्तरी ओलांडलेले असूनही मागच्या सीटवर. पाण्याच्या वाटा लाल रंगानं दाखवल्या. एक छान चढणीची वाट देवराईला लागून जात होती, पाड्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगताच ती आम्ही स्वतःच खोडली. जाळरेषा साफ करायच्या दिवसांत मजूर आणि पाण्याच्या टाक्या आमच्या गाड्यांतून वर नेऊ, असंही लेखी दिलं. अर्जावर आवक-शिक्का मिळाला, उत्तर नाही. आयोजनेच्या मसुद्यात पर्यटनाचं प्रकरण आहे, त्यात तंबू आहेत, निसर्गवाटा आहेत, गाडीचा शब्द नाही. एवढं काम करून एका ओळीचा नकारही मिळू नये, हे मनाला लागतं.

तरुण जीपवाल्यांना सांगतो. कच्च्या रस्त्याला लागताच टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणा. चाक जागच्या जागी फिरत नाही, मग माती उकरली जात नाही. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सर्वांत हळू गिअरमध्ये, सावकाश चढा. ओढा आडवा ओलांडा, पात्रातून कधी चालवू नका. आणि इकोसेन्सिटिव्ह झोनची, म्हणजे उद्यान-अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याची, मसुदा अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांना साठ दिवस मिळतात, ते वाया घालवू नका. अर्ज मराठीत लिहा, कक्ष क्रमांक आणि गट क्रमांक घाला, "आम्हाला आवड आहे" असलं काही लिहू नका. कुठली वाट, किती किलोमीटर, कुठल्या महिन्यात, एवढंच लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आयोजना पुन्हा होईल तेव्हा हाच नकाशा घेऊन मी जाणार आहे. त्याची मोठी प्रत काउंटरच्या मागे लावली आहे, शेजारी पेन्सिल बांधली आहे. शहापूर-मुरबाडकडच्या वाटा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी येऊन चुका दुरुस्त कराव्यात. सोमवारी बंद असतं.